वरणभातावरची मांजर

मला मांजरं आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको. मांजर पायात येतं, घडी घातलेल्या कपड्यांवर बसतं आणि हाक मारली की ऐकू न आल्यासारखं करतं. दिवसभर ऑफिसात हेच सोसायचं आणि घरी येऊन पुन्हा तेच बघायचं, ही हौस मला कधीच नव्हती. पण आमच्या पनवेलच्या घरात माझं मत विचारायची पद्धत नव्हती. मांजर बाबांची होती, आणि बाबांचं जे काही होतं ते आईला देवघरातल्या वस्तूंइतकंच जपावं लागायचं.

बाबांनी तिला आणलं नव्हतं, ती आपली आली. आमची इमारत जुनी, बिनलिफ्टची, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. एवढे जिने चढून एक मूठभर पिल्लू आमच्याच दारात येऊन बसलं याचं बाबांना केवढं कौतुक. तिला नाव काही कुणी ठेवलं नाही. बाबा तिला ‘बाईसाहेब’ म्हणायचे, आई नुसतं ‘बाई’, आणि मी तिच्याशी बोलतच नसे.

घरात डायनिंग टेबल आलं तरी बाबा शेवटपर्यंत खाली पाटावर बसून जेवले. जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवायचं आणि उजव्या बाजूला जमिनीवर भाताचे चिमूटचिमूट घास ओळीने ठेवायचे, ही चित्राहुती त्यांनी एक दिवस चुकवली नाही. ते घास शास्त्राप्रमाणे कुणाकुणाच्या नावाने असतात ते मला सांगता येणार नाही. आमच्या घरात ते मांजरीच्या नावाने होते. ती पाटाच्या उजव्या अंगाला बसून राहायची, बाबांचा पहिला घास तोंडात गेला की मगच पुढे यायची आणि एकेक घास टिपायची. त्यावर मग वरणभात, वर तूप, कधी ताकभात. आई तिचा भात मऊ कालवून बाबांच्या ताटाशेजारी वाढायची.

या मांजरीचा आईला एका गोष्टीसाठी फार अभिमान होता. पुण्याहून, ठाण्याहून कुणी पाहुणे आले की चहाबरोबर ती माहिती दिली जायचीच. आमची मांजर शुद्ध शाकाहारी आहे. मासळीचा वाससुद्धा तिला चालत नाही. घरचे संस्कार असतात हो, असंही आई म्हणायची, आणि बाबा पेपरात तोंड खुपसून बसायचे. मला वाटायचं त्यांना बायकोच्या कौतुकाचा संकोच होतोय.

मग बाबांना गिळताना दुखायला लागलं. अन्ननलिकेचं दुखणं निघालं, आणि ज्या वयात निघालं त्या वयात डॉक्टर फार आशा दाखवत नाहीत. त्या वर्षी पनवेलात ज्याच्या त्याच्या तोंडी विमानतळ येणार, जमिनींचं सोनं होणार, एवढाच विषय होता. आमच्या घरात मात्र बाबांच्या पोटात आज किती गेलं याशिवाय दुसरा विषय राहिला नाही. वजन कमी होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी एकदा सांगितलं, आणि आईने ते मनावर घेतलं. वजनकाटा विकत आणला. पेज, मुगाचं कढण, नाचणीची आंबील, मिक्सरमधून काढलेली खिचडी. सकाळपासून ती वाट्या घेऊन त्यांच्या कॉटपाशी उभी. बाबा दोन चमचे घ्यायचे आणि हात वर करायचे. वाटी परत आत यायची, आई ती गरम करून पुन्हा न्यायची. आमचं स्वयंपाकघर आणि ती कॉट यांच्यामध्ये अख्खं आयुष्य गेल्यासारखी ती माउली चालत राहिली.

शेवटचं त्यांचं बोलणं मी ऐकलं, कारण मी स्वयंपाकघरात होते. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. आई म्हणाली, “मी एवढं करते, आणि तुम्हाला चार चमचेही घेववत नाहीत?” बाबांनी वळून, डोळे मिटून, एक चमचा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

आईने याचा कधी उल्लेख केला नाही. मीही केला नाही. दिवसकार्य झालं, माणसं आपापल्या घरी गेली, बाबांचा पाट भिंतीला टेकवून ठेवला गेला, आणि आई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ताटलीतलं काहीतरी चिवडू लागली. भूक नाही, असं तिचं म्हणणं. मी रागावले की म्हणायची, जेवले मघाशी, तू यायच्या आधी.

मांजर बारीक झाल्याचं आईच्याच हाताला कळलं. एका रविवारी ती तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मध्येच थांबली. मला म्हणाली, हात लाव. मी नाक मुरडत लावला. पाठीचा मणका न् मणका हाताला लागला. केसांमुळे वरून ती बरी दिसत होती एवढंच. तिच्यापुढचा वरणभात तसाच होता, वर पापुद्रा धरला होता. आईने ती ताटली उचलली, आणि तिचा चेहरा मी बघितला तेव्हा मला कळलं की आता या घरातून दुसऱ्यांदा कुणाचंही ताट असं परत गेलेलं हिला सोसणार नाही.

“हिला जेवायला लाव गं,” ती मला म्हणाली. “काहीही कर.”

म्हणजे मांजरीची जबाबदारी माझ्यावर आली. तिला झाकण असलेल्या भाजीच्या टोपलीत घालून मी रिक्षाने नवीन पनवेलला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ती सबंध वाटभर अशी ओरडली की रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून माझ्याकडे संशयाने पाहिलं. डॉक्टर तरुण होते, बोलण्यात तुटक. त्यांनी तोंड उघडून दात पाहिले, पोट चाचपलं, रक्त घेतलं. वय झालंय, मूत्रपिंडं थकलीत, दोन दात किडलेत ते काढावे लागतील. मग त्यांनी विचारलं, खायला काय देता? मी सांगितलं. वरणभात, दूधपोळी, ताकभात. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“मॅडम, मांजर आहे ती,” ते म्हणाले. “भातावर मांजर इतकी वर्षं जगत नाही. ही बाहेर काहीतरी खात असणार. आता ते बंद झालंय.”

मी ठामपणे सांगितलं की आमची मांजर बाहेरचं काही खात नाही. ते हसले नाहीत, ही त्यांची कृपा. कोंबडी, मासा, अंडं, उकडून, काटे-हाडं काढून, मीठ-मसाला, कांदा-लसूण काही नको. थोडं थोडं, दिवसातून पुष्कळदा. कोमट करून द्यायचं, म्हाताऱ्या मांजराला वास आला नाही तर ते तोंड लावत नाही. दूध बंद. आणि दर आठवड्याला वजन करायचं, अंदाजाने नाही, काट्यावर.

हे सगळं मी घरी येऊन आईला सांगितलं. कोंबडी आणि मासा हे शब्द आमच्या स्वयंपाकघरात उच्चारले गेले त्याची मलाच लाज वाटली. आई उठली. देवाजवळ दिवा लावून आली आणि म्हणाली, खालच्या भाभींना विचार.

तळमजल्यावर एक कोकणी मुसलमान कुटुंब राहायचं. नवरा कुवेतला, मुली लग्न होऊन गेलेल्या, घरात भाभी आणि त्यांची म्हातारी सासू. ईदेला शिरखुर्मा वर यायचा, दिवाळीला फराळ खाली जायचा, आणि एकमेकींच्या स्वयंपाकघरात न डोकावण्याचा अलिखित करार दोन्ही बाजूंनी काटेकोर पाळला जायचा. मी खाली जाऊन अडखळत विचारलं, की तुमच्याकडे मासे असतील तेव्हा थोडे बिनमिठाचे उकडून द्याल का, मांजरीसाठी. भाभी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, मी वर येते, काकींशी बोलायचंय.

त्या वर आल्या, आईसमोर जमिनीवर बसल्या, आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “काकी, तुमाला बुरा वाटंल म्हणून आजपर्यंत बोलली नाय. ती आमच्याकडंच जेवायची. रोज. मी मच्छी साफ करायला बसली का दारात हजर.”

भाभींनी मग सगळंच सांगितलं. बोंबील तिच्या खास आवडीचे. त्यांनी खाल्ले नाहीत तरी हिला ताजे दोन बोंबील ठेवलेले असायचे. हल्ली बरेच महिने ती खाली आली नव्हती, त्यांना वाटलं वरच तिचं भागतंय. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला जिने उतरवेनासे झाले होते. वरची शुद्ध शाकाहारी मांजर म्हातारपणी खरोखरीची शाकाहारी झाली होती, आणि उपाशी मरत होती.

“यांना माहीत होतं?” आईने विचारलं.

भाभींनी मान डोलावली. काका तर रोज तिला उचलून न्यायला येत, त्या म्हणाल्या. आधी आमच्या दारातल्या नळावर तिचं तोंड धुवायचे, मग वर न्यायचे.

मला ते दृश्य आठवलं. बाबा तिला काखेत घेऊन जिना चढून येताहेत, तिचं तोंड ओलं, मिशांवरून पाणी टपकतंय. आई म्हणायची, बघा कशी स्वच्छ, स्वतःचं तोंड धुऊन येते. आणि बाबा पेपरात तोंड खुपसायचे.

भाभी गेल्यावर आई तिथेच बसून राहिली. मला वाटलं, आता हे प्रकरण चिघळणार. ती एकदम हसायला लागली, पदर तोंडावर धरून, खांदे हलेपर्यंत, आणि हसता हसता रडायला लागली. म्हणाली, एवढी वर्षं मला एकटीलाच माहीत नव्हतं. मग म्हणाली, यांनी मला कशाला फसवलं गं, मी काय खाऊ नको म्हटलं असतं का तिला? मी म्हटलं, हो, म्हटलं असतंस. ती म्हणाली, हो, म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून भाभींकडून स्टीलच्या डबीत मासा यायला लागला. पहिल्या दिवशी त्यात हळद, मीठ आणि आमसूल होतं. एवढं फिकं कुणी खाईल का, हा त्यांचा प्रश्न. मी सगळं धुऊन टाकलं आणि पुन्हा समजावून सांगितलं. मग त्यांनी मासा अगदी कोराच उकडला, बोटांनी काटा न् काटा काढला. रमजान सुरू झाला तरी त्यात खंड पडला नाही. रोजा धरलेली ती बाई भर दुपारी मांजरीसाठी मासा कुस्करत बसायची.

पण मांजर तोंड लावेना. बशीत कोमट मासा, वास घरभर, आई दाराबाहेर नाकाला पदर लावून उभी, आणि ही बाई हुंगून मागे सरते. बशी बदलली, जागा बदलली, मी तर बोटाने तिच्या ओठांना मासा लावला आणि माझं बोट धुवायला अर्धा साबण संपवला. तीन-चार दिवस असेच गेले. डबी भरलेली यायची, भरलेलीच परत जायची. आई पुन्हा स्वयंपाकघर आणि कॉट यांच्यामध्ये चालल्यासारखी दिसायला लागली. माझा संताप झाला. मांजरीवर, माशावर, बाबांवर सुद्धा, की स्वतः निघून गेले आणि हे आमच्या गळ्यात टाकून गेले.

मग एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आले आणि दारातच थांबले. आईने भिंतीशी टेकवलेला बाबांचा पाट मांडला होता. त्यावर ती बसली होती. पुढे तिचं ताट, त्यात आमटीभात. तिने ताटाभोवती पाणी फिरवलं. बायका आमच्याकडे चित्राहुती घालत नाहीत. विधवेने घालणं तर सोडाच. तिने शेजारची डबी उघडली, डोळे मिटले, आणि ज्या बाईने जन्मात अंडं हातात धरलं नव्हतं तिने उजव्या बाजूला, फरशीवर, उकडलेल्या माशाचे चिमूटचिमूट घास ओळीने ठेवले. मांजर पाटाच्या उजव्या अंगाला येऊन बसली होती. घासांकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती.

“तू जेव ना,” आई तिला म्हणाली. मांजर हलली नाही. आईने मग स्वतःच्या ताटातला घास तोंडात घातला. तेव्हा ती पुढे आली आणि एकेक घास टिपून खाल्ला.

मी आत जाऊन पंख्याखाली बसले, कारण मला रडू येत होतं आणि ते कुणी बघायला नको होतं.

त्यानंतर घराचा नियमच झाला. सकाळी, दुपारी, चार वाजता आणि संध्याकाळी आई पाटावर बसायची, आणि ती जेवल्याशिवाय मांजर जेवायची नाही. त्यामुळे तिला काहीतरी खावंच लागायचं. एक पोळी, अर्धी वाटी भात, चार वाजता लाडूचा तुकडा. आठवड्याचं वजन करायला बाबांचा काटा कॉटखालून काढला. मांजर एकटी त्यावर उभी राहीना, म्हणून आई तिला घेऊन उभी राहायची, मग एकटी, आणि मी वजाबाकी करायची. पहिल्याच वेळी तो दुसरा आकडा बघून मला धक्का बसला. आई किती उतरली होती ते तिच्या पाचवारीच्या निऱ्यांत मला दिसलंच नव्हतं. मी काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, तू माझं नको बघू, तिचं बघ.

पण मी दोन्ही बघत होते. खरं सांगायचं तर मांजरीच्या आकड्याशी मला तेव्हा फारसं देणंघेणं नव्हतं. ती जगली तर आई जेवेल, एवढाच माझा हिशेब होता. आणि दोन्ही आकडे हळूहळू वर जायला लागले. मांजरीच्या पाठीवर मांस आलं, केस चमकायला लागले. ती उन्हात बसून स्वतःला चाटायला लागली. आईच्या ब्लाउजचे हात घट्ट झाले आणि शिवण उसवायला लागली. शिंप्याकडे मी इतक्या खुशीत कधीच गेले नव्हते.

पावसाळ्यात करंजा बंदरातल्या बोटी बंद झाल्या आणि मासळी महागली, शिवाय भाभी धाकट्या मुलीच्या बाळंतपणासाठी उरणला गेल्या. मी म्हटलं, तयार डबे मिळतात मांजरांचे. आणले. बाईसाहेबांनी त्याकडे पाठ फिरवली. मग आईने गॅलरीत एक विजेची शेगडी ठेवली, एक वेगळं पातेलं, एक वेगळी सुरी, आणि सुरुवातीला कोंबडी, नंतर बोटी सुटल्यावर मासे स्वतः उकडायला लागली. बाजारात मी तिच्याबरोबर गेले होते. मेथीची जुडी निवडावी तशी ती मासळीच्या पाटीसमोर वाकली आणि आगरी बाईला विचारलं, कोवळी आहे का? ती बाई पोट धरून हसली. कुनाला पायजे, तिने विचारलं. आईने सांगितलं, मांजरीला. त्या बाईने सुरमईचा एक जास्तीचा तुकडा टाकला आणि म्हणाली, “काटा नीट काढ गो, म्हातारीच्या घशात जाईल.” आईने घरी येऊन आंघोळ केली, पण दुसऱ्या आठवड्यात नुसते हातपाय धुतले.

मला वाटायला लागलं होतं की आता असंच चालेल.

पुढच्या होळीनंतर तिचं खाणं पुन्हा कमी झालं. आधी ओळीतले शेवटचे घास राहायला लागले, मग अर्धे. पाणी मात्र सारखं प्यायची. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं आता फार दिवस काढणार नाहीत. सलाइन लावून बघू, पातळ करून सिरिंजने भरवून बघा, पण जबरदस्तीला मर्यादा ठेवा. मर्यादा हा शब्द आईने ऐकलाच नाही. सिरिंज म्हटल्यावर तिच्या अंगात पुन्हा जुना जोर आला. मासा मिक्सरमधून काढायचा, गाळायचा, कोमट करायचा. मांजरीला टॉवेलमध्ये गुंडाळून मी धरायची आणि आई तिच्या तोंडाच्या कडेने एकेक थेंब सोडायची. निम्मं बाहेर यायचं. टॉवेल, आईचा पदर, माझे हात, सगळ्याला वास. दोघींची वजनं पुन्हा एकत्र उतरायला लागली, कारण मांजर पाटाशी येईना आणि पाट मांडलाच जाईना. मी आईला म्हटलं, तू आधी खा. ती म्हणाली, तिच्या पोटात गेल्यावर.

त्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारची वेळ, बाहेर ऊन रखरखत होतं. मी गॅसवर सिरिंज धुवायला पाणी ठेवलं होतं. आईने एकटीनेच मांजरीला टॉवेलमध्ये घेतलं आणि भरवायला बसली. एक थेंब गेला. दुसऱ्याला मांजरीने मान फिरवली. ओरबाडलं नाही, गुरगुरली नाही, नुसतं भिंतीकडे तोंड केलं.

आईचा हात तसाच वर राहिला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते, आणि मला माहीत होतं की ती आता काय म्हणणार. मी ते एकदा ऐकलेलं होतं. मला जाऊन तिचा हात धरावासा वाटला.

तिने सिरिंज खाली ठेवली. “पुरे,” ती म्हणाली. “नकोय ना तुला? राहू दे.” टॉवेल सोडला. पदराने तिचं तोंड पुसलं, मिशा पुसल्या, आणि तिला मांडीवर नीट घेऊन बसली. मांजरीने पाय पोटाशी घेतले आणि डोळे मिटले. आई एक हात तिच्या पाठीवरून फिरवत होती, दुसरा हात मोकळा होता. माझ्या आईचा हात मोकळा मी क्वचितच पाहिला असेन. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “यांच्याजवळ मी अशी एकदाही बसले नाही गं. सारखी वाटी घेऊनच बसले.”

मला तिला पुष्कळ काही सांगता आलं असतं. की बाबांना कळत होतं, की तो शेवटचा चमचा त्यांनी तिच्यासाठी घेतला होता, की तिची काही चूक नव्हती. मी गॅसवरचं पाणी बंद केलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्या मांजरीच्या डोक्यावर आपण होऊन हात ठेवला. ते कोमट होतं, लहानसं होतं, आणि ती हळूहळू श्वास घेत होती. संध्याकाळी ती गेली. तोपर्यंत आम्ही दोघींनी तिला काहीही भरवलं नाही.